टॅब बिघडलेला नाही

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

पडवीत टॅबची स्क्रीन काळी दिसते म्हणून नवा टॅब घ्यायचा नाही, हे मी ठरवून टाकलंय. बाबा, "पोरगा पैसा मोजायला लागला" असं मनात आणू नका. खरंच पैशाचा प्रश्न नाही. नवा आणला तरी पडवीत बसल्यावर तोही असाच मंद होणार, वर सगळं नव्या जागी शोधत बसायचं. आईचं बोट भजनांवर आता न बघता जातं, ते मला मोडायचं नाही.

बाबा, तुम्ही भिंतीला पाठ टेकून खळ्याकडे तोंड करून बसता, म्हणजे टॅबचं तोंड भिंतीकडे. उजेड मोजणारा बारीक सेन्सर पुढच्या कॅमेऱ्याशेजारी काचेखाली असतो. त्याला दिसतो पडवीतला काळोख, म्हणून तो ब्राइटनेस उतरवतो. तुमचे डोळे मात्र समोरच्या उन्हाला सरावलेले, त्यामुळे स्क्रीन काळी वाटते. यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनला दोष देऊ नका. डॉक्टरांकडची तारीख मात्र चुकवायची नाही.

वरच्या कडेवरून बोट दोनदा खाली ओढा. सूर्याचं चित्र असलेली पट्टी दिसेल, ती उजवीकडे सरकवा. पुन्हा आपोआप उतरली तर सेटिंग्ज, मग डिस्प्ले, आणि तिथे ॲडॅप्टिव्ह ब्राइटनेस बंद. तरी मंदच राहिली तर बॅटरी सेव्हर चालू आहे का बघा, तोही गुपचूप उजेड कमी करतो. टॅबची पाठ हाताला कढत लागत असेल तर पट्टी ओढून काही होणार नाही. तापलेला टॅब स्वतःला वाचवायला मंद होतो. चार्जर काढा, कव्हर काढा, सावलीत ठेवा. आणि आई, फ्रीजमध्ये नाही हं! बाहेर काढला की आत दव धरतं.

पट्टी चुकून अगदी डावीकडे गेली तर उन्हात ती पट्टीच दिसत नाही. टॅब माजघरात न्या, दिवा घालवा, अंधारात पुसट चित्र उमटेल. काहीच उमटलं नाही पण आवाज येतोय, तर पॉवरचं आणि आवाज कमी करायचं बटण एकदम दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. कंपनीचं नाव आलं की सोडा. फोटो, भजनं काही पुसलं जात नाही. त्यानंतरही काळीच असेल तर टॉर्चचा झोत तिरका टाकून बघा: चित्र अंधुक दिसलं तर स्क्रीनच्या मागचा दिवा गेलाय. ते काम दुकानाचं, मला फोन करा, मी बघतो.

टॅब मध्येच बोलायला लागून प्रत्येक गोष्टीला हिरवी-निळी चौकट आली तर घाबरू नका. आवाजाची दोन्ही बटणं एकत्र दाबली गेली की ते टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी सोय, सुरू होऊ शकतं. तीच दोन्ही तीन सेकंद धरा, बहुतेक गप्प होईल. लहानपणी रेडिओचा काटा हलवला की बाबा हातावर चापट द्यायचे. तसं इथे नाही. काहीही दाबून बघा, फक्त 'रिसेट', 'इरेज' किंवा 'डिलीट' लिहिलेलं सोडून.

पावसात मात्र चार्जिंगच्या भोकाकडे लक्ष हवं. थेंबाचं चिन्ह आलं की वायर लगेच काढायची, भोक खाली करून टॅब पंख्याखाली ठेवायचा. फुंकर मारायची नाही, तोंडाची वाफ आत जाते. तांदळाच्या डब्यातही नको, पिठी भोकात बसते. वायर सैल वाटली तर टॅब बंद करून कोरड्या लाकडी टूथपिकने आतला कचरा हलक्या हाताने काढा. पिन, सुई, केसातला आकडा अजिबात नाही, आतली पट्टी वाकली की संपलं. जुना 5 वॅटचा चार्जर आता बाद करा; भजनं चालू ठेवली तर त्याच्यावर टक्के फारसे वाढत नाहीत. 15 वॅटचा पाठवलाय, काकूंच्या पार्सलबरोबर येईल. पाठ फुगलेली किंवा स्क्रीन कडेने उचललेली दिसली तर चार्जिंग बंद, आणि दाबून बसवायला जायचं नाही.

विजा चमकायच्या आधीच चार्जर काढा, वाय-फायच्या डब्याचाही प्लग काढा. आपल्या चिऱ्याच्या भिंती जाड, त्यामुळे स्वयंपाकघरात दोन नावांपैकी शेवटी 5G असलेलं पोचत नाही. आई, तू दुसरं निवड. वेग कमी, पण तुटणार नाही.

बँकेचं ॲप टॅबवरून मी काढलंय. बाबा, रागावू नका, तुमच्यावर अविश्वास नाही. टॅब येणाराजाणारा प्रत्येक जण हाताळतो. पैशाचं सगळं तुमच्या फोनवर तसंच आहे. कोणी "टॅब दुरुस्त करून देतो, हे ॲप टाका" असं फोनवर म्हणालं तर त्याच क्षणी ठेवून द्यायचा. चुकून काही दिलंच गेलं तर लगेच 1930 लावा, ती सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे, नंतर मला. मी ओरडणार नाही.

आई, रात्री गोळी घेऊन झाल्यावर टॅब अर्धा तासच. आणि खोबरेल लागलेल्या हाताने स्क्रीन धरू नकोस, मग बोट एकीकडे आणि उघडतं भलतंच.

तुमचा,
बाळू