आधी पंखा घे, मग ट्रेनर

पुणे,
११ जुलै

प्रिय संजू,

तुझा फोन आला तेव्हा मी बँकेच्या रांगेत होतो, म्हणून ‘कळवतो’ म्हणून ठेवला. घरी येईपर्यंत तुझे सात मेसेज आणि घरातल्या घरात सायकल मारायच्या नऊ ट्रेनरचे फोटो येऊन पडले होते. खाली प्रश्न एकच: ‘यातला कुठला?’ फोनवर मी फाटे फोडत बसतो हे तुला हॉस्टेलपासून माहीत आहे, म्हणून सरळ पत्रच लिहितोय.

पावसात बाहेर सायकल काढायची नाही हे ठरवलंस ते बरं केलंस. गेल्या वर्षी कसारा घाटात आपटलास तेव्हा कोपराला पडलेले टाके मी पाहिलेत. पण तुम्हा नाशिककरांना घरी बसवत नाही हेही खरं. २०१५ साली तुमच्या महाजन डॉक्टर बंधूंनी दोघांच्या टीमनं अमेरिकेतली ‘रॅम’ ही सायकल शर्यत पुरी केली, समुद्रापासून समुद्रापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर, तेव्हापासून तिथे प्रत्येकाला आपणही काहीतरी करावं असं वाटतं. तुला नोव्हेंबरात ३०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी, करायची आहे. वीस तासांत ३०० म्हणजे वेगापेक्षा टिकून राहायची परीक्षा. त्यासाठी घरात तासन्‌तास बसवेल असं काहीतरी हवं.

माझी फजिती आधी सांगतो. मी पहिल्यांदा घेतला तो टायरवर चालणारा साधा मॅग्नेटिक ट्रेनर, जुना, सहा हजारांत. मागचं चाक स्टँडमध्ये अडकवायचं, टायर खालच्या लोखंडी रोलरवर दाबून बसवायचा आणि मारत सुटायचं. मागची बाजू उचलली जाते, म्हणून पुढच्या चाकाखाली मी घरातला पाटच सरकवला होता. वीस मिनिटांत टायर हात लावता येणार नाही इतका तापला. आठवड्याभरात खालच्या फरशीवर काजळीसारखी काळी भुकटी साठली. ती सौ.च्या पायाला लागून थेट देवघरापर्यंत गेली, त्यावर काय झालं ते लिहीत नाही. आणि आवाज! पहाटे साडेपाचला बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरचे काका, बनियनवर शाल. म्हणाले, ‘गिरणी काढली असलीत तर आमचं दोन किलो ज्वारीचं दळण घेऊन येतो.’ मी ओशाळून हसलो. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र हसू नव्हतं.

म्हणून माझा पहिला प्रश्न असा की तुझ्या खाली कोण राहतं? तुझा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे. टायरवरचा ट्रेनर तळमजल्याच्या पार्किंगमध्ये किंवा बंगल्याच्या गच्चीवर खुशाल चालतो, स्वस्तही पडतो. टायर मात्र जुना, गुळगुळीत झालेला वापरायचा आणि हवा दर वेळी सारखीच ठेवायची, नाहीतर आज सोपं वाटलं ते उद्या अवघड वाटतं. तुझ्या घरात तो महिनाभरही टिकणार नाही. तुला डायरेक्ट ड्राइव्हच लागेल, म्हणजे मागचं चाक काढून ठेवायचं आणि चेन थेट ट्रेनरवरच्या कॅसेटवर, म्हणजे गिअरच्या दातेरी चक्रांच्या जुडग्यावर, चढवायची. टायरच नसल्यामुळे ना भुकटी, ना घरघर. उरतो तो चेनचा आवाज आणि स्लॅबमधून खाली जाणारा थरथराट. त्यावर उपाय म्हणजे रबरशीटच्या दुकानातून दहा मिलिमीटर जाडीचा तुकडा कापून आणायचा. मी ट्रेनर बदलून शीट घातल्यापासून काका लिफ्टमध्ये बोलायला लागलेत.

तू पाठवलेले रोलर विसर. तीन दंडगोल, त्यावर सायकल मोकळी, तोल आपला आपण सांभाळायचा. पेडलिंग सफाईदार होतं हे कबूल, पण कोपराला टाके पडलेल्या माणसानं दिवाणखान्यात काचेच्या टीपॉयशेजारी तो खेळ करू नये. स्पिन बाइकही नको. तिच्यावर बसायची ठेवण वेगळी, आणि वीस तास तुला तुझ्याच सीटवर बसायचं आहे.

आता डायरेक्ट ड्राइव्ह घेताना माझं जिथे डोकं फिरलं ते. माझी सायकल नऊ गिअरची, तुझ्यासारखीच. ट्रेनर आला, नऊची कॅसेट चढवली, ती जागेवर धरणारी लॉकरिंग जीव खाऊन आवळली, तरी कॅसेट खुळखुळत होती. गिअर टाकला की चेन एकावरून दुसऱ्यावर उड्या मारायची. ट्रेनरच खराब निघाला म्हणून मी दुकानदाराशी भांडायला निघालो होतो. मग सायकल मेकॅनिक आला, त्यानं खोक्याच्या तळातून प्लॅस्टिकच्या पिशवीतली एक पातळ ॲल्युमिनियमची चकती काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. १.८५ मिलिमीटरचा स्पेसर! ट्रेनरवरचा फ्रीहब, म्हणजे कॅसेट ज्यावर चढते तो भाग, अकरा गिअरच्या मापाचा असतो. आठ, नऊ किंवा दहाची कॅसेट त्यावर अरुंद पडते, म्हणून आधी ती चकती आत सरकवायची. खोकं फेकायच्या आधी तळ चाचपून बघ. लॉकरिंगचं टूल आणि कॅसेट फिरू न देता धरायची चेन व्हिपही घेऊन ठेव, शेजाऱ्याकडे मिळणाऱ्या वस्तू नाहीत त्या.

‘स्मार्ट’, म्हणजे ॲपला जोडून आपोआप जड-हलका होणारा ट्रेनर हवा का असं विचारलंस. हो, पण जाहिरातीतल्या कारणासाठी नाही. वीस टक्के चढाव दाखवणारा आणि सोळा दाखवणारा यांच्या किमतीत बराच फरक असतो, आणि आपण दोघेही बापदेव घाटात जीभ बाहेर काढणारे. झ्विफ्ट या सायकलिंगच्या ॲपमध्ये तर चढाव मुळातच निम्मा करून दिलेला असतो, सेटिंग आपणहून वाढवेपर्यंत. मला उपयोग होतो तो अर्ग मोडचा. १४० वॅट लावले की तेवढेच द्यावे लागतात, पायांना चोरी करता येत नाही. फक्त थकून पाय मंदावू देऊ नकोस. वेग कमी झाला की वॅट भरून काढायला ट्रेनर आणखी जड होतो, पाय आणखी मंदावतात, आणि दोन मिनिटांत चिखलात रुतल्यासारखं होतं. तसं झालं तर थांब, हलकं पेडल मार, मग पुन्हा सुरू कर. सुरुवातीला ॲपचे पैसेही भरू नकोस, मायव्हूश हे तसलंच ॲप फुकट आहे. ब्लूटूथ बहुतेक वेळा एकाच यंत्राला जोडलं जातं, तेव्हा लॅपटॉप लावायच्या आधी मोबाइलवरचं ॲप बंद कर. ‘ट्रेनर सापडत नाही’ म्हणून तू मला रात्री अकराला फोन करणार, तो टळेल.

आणि पंखा. हसू नकोस, सगळ्यात आधी घ्यायची वस्तू हीच. आपण जाळतो त्या ऊर्जेतलं जेमतेम वीस-पंचवीस टक्के पेडलपर्यंत पोचतं. तू दीडशे वॅटनं मारलीस तर साडेचारशे ते सहाशे वॅटची उष्णता अंगातून बाहेर पडते, म्हणजे बंद खोलीत छोटा हीटर लावून त्यावर स्वतः बसल्यासारखंच. रस्त्यावर वारा ती घेऊन जातो, घरात घाम नुसता ठिबकतो. छताचा पंखा कामाचा नाही, समोरून छातीवर येणारा मोठा पेडेस्टल हवा. मी एकदा आधी-नंतर वजन केलं तर तासाभरात एक किलो उतरलं होतं. ते सगळं पाणी आणि मीठ, चरबी नव्हे, उगाच खूश होऊ नकोस. ताक किंवा लिंबू सरबत हाताशी ठेव. हँडलवर टॉवेल टाकायला विसरू नकोस. माझ्या हँडल धरणाऱ्या स्टेमचा एक बोल्ट घामानं इतका गंजला की ॲलन की आतल्या आत गोल फिरली, शेवटी ड्रिलनं काढावा लागला.

वीज जाते तुमच्याकडे पावसात, त्याचाही विचार कर. बहुतेक स्मार्ट ट्रेनर वीज गेली की मध्येच हलके पडतात. इन्व्हर्टरचा पॉइंट त्या खोलीत आहे का ते वहिनींना विचार, तुला माहीत नसणार.

तुझ्या नऊ फोटोंपैकी तिसरा आणि सातवा मला बरे वाटले, पण अजून पैसे भरू नकोस. मागचं चाक काढ आणि ते बसतं त्या फ्रेमच्या दोन्ही टोकांमधलं आतलं अंतर पट्टीनं मोज. १३०, १३५ की १४२ मिलिमीटर तेवढं कळव. सगळ्या ट्रेनरबरोबर सगळे ॲडॉप्टर येत नाहीत, आणि ते वेगळे मागवले तर दसरा उजाडेल.

तुझा,
बाळ्या