फुकट सिमकार्ड आणि तेरावा महिना

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

माझ्या ऐंशी वर्षांच्या आईकडे बटणांचा साधा फोन आहे. मावशीचा फोन आला की उचलायचा, एवढाच तिचा वापर. तरीही इंटरनेटसकट रिचार्ज मारायला मी दर २८ दिवसांनी कोपऱ्यावरच्या दुकानात जात असे. २८ दिवसांचा महिना धरला की वर्षाचे रिचार्ज बारा नव्हे, तेरा होतात, हा हिशेब दुकानदारानेच मला पावतीच्या पाठीवर मांडून दाखवला होता.

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ बाजारात उतरली आणि ३१ मार्च २०१७ पर्यंत कॉल व डेटा फुकट मिळाला. सिमकार्डासाठी रांगेत उभे राहणाऱ्यांत मीही होतो. याविरुद्ध एअरटेलने केलेली तक्रार भारतीय स्पर्धा आयोगाने जून २०१७ मध्ये फेटाळली, कारण २००२ च्या स्पर्धा कायद्यानुसार तोट्यातले दर आक्षेपार्ह ठरतात ते बाजारात वर्चस्व असलेल्या कंपनीने लावले तरच, आणि जिओ तर नवखी होती. निकाल कायद्याला धरूनच होता. पण मक्तेदारी शिरते ती याच फटीतून. कंपनी लहान असते तोवर तिला दर पाडायची मुभा, आणि ती मोठी झाली की दर पाडण्याची तिला गरजच उरत नाही, मग कलम लावायचे कशाला?

पुढच्या दोन-तीन वर्षांत एअरसेल दिवाळखोरीत गेली, रिलायन्स कम्युनिकेशन्सने मोबाइल सेवा गुंडाळली, टेलिनॉर आणि टाटांचा मोबाइल व्यवसाय एअरटेलकडे गेला, व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. सगळे खापर जिओवर फोडणे अन्यायाचे होईल. स्पेक्ट्रमसाठी, म्हणजे मोबाइल सेवेच्या रेडिओलहरींसाठी, काढलेली कर्जे आणि सरकारला महसुलातून द्यायच्या वाट्याच्या (एजीआर) थकबाकीचा २०१९ चा निकाल यांचाही त्यात वाटा आहे.

जुलै २०२४ च्या पहिल्या आठवड्यात तिन्ही खासगी कंपन्यांनी दोन दिवसांत दर वाढवले. जिओचा १५५ रुपयांचा प्लॅन १८९ वर गेला, बाकी दोघींचा १७९ चा १९९ वर. संगनमत झाले असे मी म्हणत नाही. तीनच दुकाने असली की एकाने पाटी बदललेली दुसऱ्याला आपसूक दिसते. नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याचा हक्क आपल्याला २०११ पासून आहे, पण बदलून जायचे कुठे? बीएसएनएलने दर वाढवले नाहीत, लोक तिकडे वळलेही. मात्र तिचे फोरजी खासगी कंपन्यांच्या कैक वर्षे मागे पडले होते.

तेव्हा स्पर्धा आयोगाने केवळ आजचे दर न पाहता, स्पर्धक किती उरले हेही पाहावे, आणि दूरसंचार नियामक ट्रायने सर्वांत स्वस्त प्लॅनची मुदत कॅलेंडरातल्या महिन्याइतकी करावी. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने कंपन्यांना केवळ कॉल-एसएमएसचा पॅक उपलब्ध करून देणे सक्तीचे केले, हे चांगलेच झाले. आईसाठी मी तो घेतला, पैसेही थोडे वाचले. मुदत मात्र ८४ दिवसांची निघाली, म्हणजे पुन्हा तीनदा २८.

आपला,
एक वाचक, वाई (जि. सातारा)