तोंडी परीक्षेचे २० गुण वर्गाबाहेर द्या

महोदय,

हिंदी पहिलीपासून असावी की नसावी, यावरून २०२५ च्या एप्रिल ते जूनमध्ये राज्यात रान पेटले. शासननिर्णय निघाला, बदलला आणि २९ जूनला मागे घेण्याची घोषणा झाली. कोणती भाषा, कोणत्या इयत्तेपासून, यावर सगळे हिरिरीने बोलले. ती शिकवायची कशी, याची चर्चा त्या मानाने नावालाच झाली. ठाण्यातल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांत मी मराठी द्वितीय भाषा म्हणून शिकवली आहे, म्हणून हे पत्र.

सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा २०२० मध्ये झाला. न शिकवणाऱ्या शाळेला एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूदही त्यात आहे. पण वेळापत्रकात तासिका आहे का, एवढेच दंडाच्या भीतीने साधते. मूल मराठी बोलते का, हे कोण पाहणार? ‘अक्षरभारती’ या मराठीच्या पाठ्यपुस्तकावरच्या परीक्षेत नव्वदच्या वर गुण मिळवणारी मुले शाळेतल्या मावशींशी आणि शिपाईकाकांशी बिनदिक्कत हिंदीत बोलतात. मावशी सातारच्या, काका चिपळूणचे, तरीही! उपयोजित लेखनात हीच मुले रोपवाटिकेच्या व्यवस्थापकाला झकास मागणीपत्र लिहितात. मायना, विषय, दिनांक, सगळे जागच्या जागी. ते पत्र कुठेही जात नाही आणि त्याला उत्तरही येत नाही. गाईडातला नमुना पाठ केला की काम भागते. एसटीवरची ‘विनाथांबा’ पाटी वाचून आपली गाडी कोणती हे ओळखायची वेळ आली, की गाईड उपयोगी पडत नाही.

दहावीच्या भाषा विषयांत ८० गुण लेखी आणि २० गुण तोंडी परीक्षा व अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. शाळा हे गुण सढळ हाताने वाटतात, या कारणाने ते एकदा बंद झाले होते. २०१९ चा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला, ओरड झाली आणि पुढच्या वर्षापासून गुण परत मिळाले. गुण आले, पण परीक्षा जुनीच राहिली. कविता म्हणून दाखव, पाच ओळी वाच, बस.

हे गुण खऱ्या कामासाठी द्यावेत, अशी माझी सूचना आहे. त्यासाठी सहल काढायला नको. साठ मुलांच्या वर्गाला बाजारात नेणे कुणाही शिक्षिकेला झेपणार नाही, आणि परवानगीच्या कागदांतच तिचे वर्ष सरेल. सुरुवात मावशींपासून होऊ शकते. त्यांचे गाव, तिथली पिके, गणपतीला गावी जायचे आरक्षण कसे मिळते, हे मुलांनी मराठीत विचारून घ्यावे. प्रश्न आधी वर्गात तयार करावेत आणि जे कळले नाही ते दुसऱ्या दिवशी वर्गात मांडावे. ‘भात लावला’ म्हणजे काय, ‘येष्टी’ म्हणजे काय, यावर जी दहा मिनिटे जातील तीच खरी मराठीची तासिका. माझ्या मते बाहेर ऐकलेले वर्गात परत आणणे हाच यातला कळीचा भाग आहे. तो गाळला तर नुसता प्रकल्प उरतो, आणि प्रकल्प कोण करून देते हे पालकांना चांगले ठाऊक आहे. पत्रलेखनही तसेच व्हावे. प्रभाग कार्यालयाला शाळेसमोरच्या उघड्या गटाराबद्दल खरे पत्र लिहून ते पोस्टात टाकावे. उत्तर आले तर वर्गात वाचावे, न आल्यास स्मरणपत्र लिहावे. तेही अभ्यासक्रमात आहेच की.

एक अडचण मात्र शाळेच्या हातची नाही. अमराठी मुलगा अडखळत ‘काका, हे केवढ्याला?’ म्हणाला, की आपण लगेच हिंदीत उत्तर देतो. समोरच्याची सोय पाहण्याचा आपला स्वभाव, पण त्या मुलाचा सराव तिथेच संपतो. लिंग चुकले म्हणून हसणारे तर आणखी वाईट. तो पुन्हा तोंड उघडत नाही. दुकानांवर मराठी पाट्या लागाव्यात म्हणून आपण न्यायालयापर्यंत भांडलो. त्याच दुकानात उभे राहून सावकाश, सोप्या मराठीत दोन वाक्ये बोलायला काय हरकत आहे?

राज्य मंडळाने तोंडी परीक्षेच्या सूचनांत किमान १० गुण अशा प्रत्यक्ष संभाषणासाठी राखून ठेवावेत आणि शाळांनी त्याची ध्वनिफीत वर्षभर जपून ठेवावी. पडताळणीची चिंता त्याने बरीच कमी होईल.

— एक निवृत्त मराठी शिक्षिका, ठाणे