मुंबई-लंडन, काकू आणि दहा तास

प्रिय मंद्या,

काकूंच्या तिकिटाचं फोनवर अर्धवटच राहिलं म्हणून निवांत लिहितोय. तुझं म्हणणं की मुंबई-लंडन 7,200 किलोमीटर, विमान ताशी 900 ने जातं, म्हणजे आठ तास, मग तिकिटावर हे दहा तास कुठून आले?

अरे ते 7,200 म्हणजे पृथ्वीच्या गोलावर दोरी ताणून मोजलेलं अंतर. ती दोरी पाकिस्तान, इराण, कॅस्पियन समुद्र आणि युक्रेनवरून जाते, आणि युक्रेनचं आकाश फेब्रुवारी 2022 पासून बंद आहे, त्यात एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना बंदी घातली, मग आपली विमानं अरबी समुद्रावरून ओमानच्या बाजूने वळसा घालून जातात. मी मोबाईलवर एक फ्लाइट ट्रॅक केली तर मुंबई सोडल्यावर किती तरी वेळ ते पिवळं विमान नुसतं समुद्रावरच, बघून खरंच वाईट वाटलं, हा वळसा म्हाताऱ्या माणसांच्या गुडघ्यांनी भरायचा.

वर आणि वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर जेट स्ट्रीम पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, थंडीत तर ताशी 200 च्या पुढेही जातो. लंडनला जाताना तो समोरून येतो, परतताना पाठीमागून, म्हणून काकूंचा येतानाचा प्रवास साधारण तासभर कमीच होईल. शिवाय कंपन्या वेळ मोजतात ती गेट टू गेट, म्हणजे इथलं गेट सोडल्यापासून तिकडच्या गेटला लागेपर्यंत, आणि लंडनच्या हीथ्रो विमानतळाला दोनच धावपट्ट्या, गर्दी असली की विमान वरच घिरट्या घालतं.

घड्याळाचं काकूंना आधीच सांगून ठेव. हिवाळ्यात लंडन साडेपाच तास मागे, त्यामुळे दुपारी एकला निघून संध्याकाळी साडेपाचला पोचलं तरी प्रवास दहा तासांचाच. गोळ्या आपल्या घड्याळाने घ्यायच्या की तिकडच्या ते डॉक्टरांना विचारून मी कागदावर लिहून देतो.

आता तू म्हणतोस ते गल्फमधून वन स्टॉपचं, म्हणजे मध्ये उतरून विमान बदलायचं. पैसे वाचतात हे मान्य, पण माझं मत स्पष्ट आहे, नको. 8 जून 1948 ला एअर इंडियाचं मलबार प्रिन्सेस पहिल्यांदा लंडनला गेलं तेव्हा कैरो, जिनिव्हा करत गेलं कारण तेव्हाच्या विमानाला थांबावंच लागायचं. आज डायरेक्ट मिळत असताना काकूंना रात्री दोनला परक्या एअरपोर्टवर गेट शोधत का फिरवायचं? वरचे पैसे कमी पडत असतील तर मी घालतो, लाजू नकोस.

डायरेक्ट, दिवसाची, आयल सीट, टॉयलेटजवळची. व्हीलचेअर बुकिंग करतानाच टाक, आयत्या वेळी मागितली की ताटकळत बसावं लागतं. एअरपोर्टला मीच सोडतो. तिकीट काढलंस की पीएनआर पाठव, वेब चेक-इन मी करतो.

तुझा,
सुध्या