जुन्या इमारतींची मापे आताच घेऊन ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुनी शाळा, जुनी कचेरी पाडायची की दुरुस्त करायची, यावर आपल्या कोकणात अधूनमधून बराच वाद होतो. त्या वादात मला नेहमी एक प्रश्न राहून गेल्यासारखा वाटतो. या इमारतीचा नकाशा कोणाकडे आहे का? मी आयटीआयमध्ये आरेखक (स्थापत्य), म्हणजे इमारतींचे नकाशे काढण्याचा ट्रेड शिकवत असे. त्यामुळे हा प्रश्न मला पूर्वीही पडायचा, पण गेल्या वर्षी लेकीकडे पोलंडला गेलो आणि वॉर्साचा राजवाडा पाहिला, तेव्हापासून तो पाठ सोडत नाही.

नाव राजवाडा असले तरी पोलंडची संसद तिथे भरत असे आणि ३ मे १७९१ची राज्यघटना तिथेच मंजूर झाली. म्हणून तिथल्या लोकांना ती वास्तू राजाची नव्हे, आपली वाटते. १७ सप्टेंबर १९३९ला जर्मन माऱ्यात तिला आग लागली आणि मनोऱ्यावरचे घड्याळ सव्वाअकराला थांबले. पुढे जर्मनांनी भिंतींत सुरुंगासाठी हजारो भोके पाडून ठेवली आणि १९४४मध्ये उरलेला सांगाडा उडवून दिला. एखाददुसरी भिंत सोडली तर राडारोडाच राहिला. तो जवळपास पाव शतक तसाच होता. १९७१मध्ये पुन्हा बांधायचे ठरले, लोकांनी वर्गणी दिली, १९७४च्या जुलैत घड्याळ सव्वाअकरालाच पुन्हा चालू केले आणि १९८४मध्ये राजवाडा सर्वांसाठी उघडला.

आत सोन्याचा मुलामा आहे, झुंबरे आहेत. मी मात्र जास्त वेळ भिंतींपाशी रेंगाळलो. नव्या बांधकामात मध्येच एखादा जुना कोरीव दगड बसवलेला दिसतो. रंग वेगळा, कडा झिजलेल्या. आग लागल्यानंतर स्तानिस्वाव लोरेन्त्स हे राष्ट्रीय संग्रहालयाचे संचालक आणि त्यांची माणसे जिवावर उदार होऊन दारे, लाकडी तक्तपोशी, गिलाव्याचे नक्षीकाम यांचे तुकडे बाहेर काढत होती. त्यातले पुष्कळसे पुन्हा आपापल्या जागी गेले. पण कुठला तुकडा कुठे बसायचा, हे कळायला आधी कागद लागतो.

तो कागद वॉर्साकडे होता, आणि माझ्या सगळ्या पत्राचा मुद्दा तोच आहे. युद्धापूर्वी तिथल्या पॉलिटेक्निकचे वास्तुकलेचे विद्यार्थी आपल्या प्राध्यापकांच्या हाताखाली जुन्या इमारती मोजून त्यांचे नकाशे काढत. अभ्यासक्रमाचाच भाग तो. जर्मन अंमलात ही कागदपत्रे जपली गेली आणि १९४४मध्ये शहर नष्ट होत असताना ती बाहेर काढून पिओत्रकूव इथल्या मठात लपवण्यात आली. या कामात असलेले प्राध्यापक यान झाखवातोविच पुढे वॉर्साच्या पुनर्बांधणीत अग्रभागी होते. बेलोत्तो या चित्रकाराने अठराव्या शतकात रंगवलेली शहराची चित्रेही उपयोगी पडली. ती आता राजवाड्यातल्या एका दालनात लावली आहेत. सुंदर आहेत. तरी चित्रात दर्शनी बाजू मिळते, छेद, म्हणजे इमारत उभी कापल्यासारखा आतला नकाशा, मिळत नाही. भिंतीची जाडी, तुळईचा आकार, जिन्याची चढण चित्रकार सांगत नाही. ते सांगायला कोणीतरी टेप धरून उभे राहावे लागते.

आपल्याकडे लढाई झाली नाही. पण ३ जून २०२०चे निसर्ग वादळ ज्यांनी दापोली, हर्णै, श्रीवर्धनला पाहिले आहे, त्यांना छप्पर जायला किती वेळ लागतो हे सांगायला नको. जांभ्याच्या भिंतीवरून मंगलोरी कौले गेली की पुढच्या पावसात दगडांच्या सांध्यांत भरलेला माती-चुना धुऊन जातो, वासे कुजतात, आणि दोन-तीन वर्षांत भिंतीला पोट सुटते. पुढच्या वर्षी जुलैत चिपळूणला महापूर आला. शिवाय रस्त्याच्या रुंदीकरणात गेलेल्या इमारती वेगळ्याच. आमच्या जवळच्या एका गावातली कौलारू शाळा वादळानंतर पाडली. तिथे स्लॅबची इमारत आली, त्याबद्दल तक्रार नाही. मुलांना कोरडी जागा हवीच. परंतु जुन्या शाळेच्या व्हरांड्यात भर मे महिन्यात पंख्याशिवाय वर्ग भरत. त्या छपराची उंची किती होती, पागोळी भिंतीपासून किती लांब पडत होती, हे आज कोणालाही सांगता येत नाही. एक फोटो आहे, त्यात पुढे मुले उभी आहेत आणि मागे अर्धे दार दिसते.

माझी मागणी खर्चाची नाही. प्रत्येक तालुक्यात जुनी कचेरी, वाचनालय, शाळा, धर्मशाळा, बंदरावरची जकात चौकी अशा इमारती असतात. जिल्ह्यातल्या आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या मुलांना दरवर्षी उन्हाळ्यापूर्वी त्यातली एकेक मोजायला द्यावी. तलविन्यास (वरून दिसणारा खोल्यांचा आराखडा), उभे छेद, चारही बाजूंचे दर्शन, छपराच्या जोडणीचे तपशील. मोबाइलवर फोटो काढून भागणार नाही. सुताराला सांधा कसा केला आहे ते कागदावर दिसले पाहिजे. पाथरवट आणि जुने सुतार आहेत तोवर त्यांना बरोबर न्यावे, कारण कुठल्या खाणीचा चिरा, कुठले लाकूड, हे तेच ओळखतात. आणि नकाशाची एक प्रत त्या गावात, दुसरी घाटावर कुठेतरी ठेवावी. एकाच पुरात दोन्ही जाता कामा नयेत.

संस्थांनी परवानगी दिली, तर दापोली तालुक्यातल्या पहिल्या इमारतीसाठी मुलांबरोबर मी येईन. टेप, ओळंबा, लेव्हल-ट्यूब आणि ड्रॉइंग बोर्ड माझ्याकडे आहेत. मेच्या शेवटच्या आठवड्यात वळवाचे पाऊस सुरू होतात, तेव्हा मार्चमध्ये सुरुवात केलेली बरी.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक, दापोली