पोकरच्या टेबलावर शब्द हीच चाल असते

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

पोकर नव्याने शिकणाऱ्यांसाठी आपल्या रविवारच्या पुरवणीत शब्दांची यादी आली, ती मी दोनदा वाचली. गेली अकरा वर्षे मी हा खेळ खेळते आणि पैसे न लावता, नुसत्या चिप्सवर, नव्या लोकांना शिकवते. त्यामुळे अशी यादी मराठीत आली याचा आनंद झाला. पण तिच्यात ‘कॉल’ (समोरच्याइतके भरणे), ‘कूलर’ (भारी पाने असूनही त्याहून भारी पानांपुढे झालेली हार), ‘फिश’ (कच्चा खेळाडू) आणि ‘फोल्ड’ (पाने टाकून डाव सोडणे) हे शब्द अकारविल्हे एकाच रांगेत उभे आहेत, आणि हे पत्र त्यासाठीच लिहिते आहे. यांतले काही शब्द उच्चारले की चाल होऊन जाते, काही नुसत्या गप्पा असतात. नवा माणूस हा फरक न कळता टेबलावर बसला तर त्याचे नुकसान होते. माझे झाले आहे.

माझी पहिली स्पर्धा. टर्नला, म्हणजे टेबलावर सगळ्यांसाठी मिळून उघडणाऱ्या पाच पानांपैकी चौथे उघडले तेव्हा, माझा बदामाचा फ्लश, म्हणजे बदामाचीच पाच पाने, पुरा झाला. समोरच्याने २०० लावले. मला १००० पर्यंत वाढवायचे होते, म्हणून मी १००० ची एकच चिप काही न बोलता पुढे सारली. डीलरने शांतपणे ‘कॉल’ म्हटले आणि ८०० च्या चिप्स मला परत दिल्या. नियमच तसा आहे. एकच मोठी चिप तोंडाने काही न सांगता टाकली, तर ती रेझ, म्हणजे वाढ, धरत नाहीत, कॉल धरतात. रिव्हरला, म्हणजे पाचव्या पानाला, टेबलावर जोडी पडली आणि त्याचे फुलहाउस, म्हणजे तीन एकसारखी आणि वर एक जोडी, झाले; ते फ्लशहून भारी. मी रेझ केला असता तर त्याने पाने टाकली असती की नाही, कोण जाणे. पण तो प्रश्न त्याच्यापुढे गेलाच नाही, कारण मी ‘रेझ’ हा एक शब्द उच्चारला नव्हता.

म्हणून चेक (काही न लावता पाळी पुढे देणे), बेट (पहिली रक्कम लावणे), कॉल, रेझ, फोल्ड आणि ऑल-इन (जवळचे सगळे लावणे) हे सहा शब्द यादीत वेगळे, सगळ्यात वर हवेत. आपली पाळी असताना यांतला शब्द तोंडातून निघाला की तो मागे घेता येत नाही. चेकसाठी टेबलावर टिचकी मारली तरी ती चेकच. आणि ‘तुमचे २०० मान्य, शिवाय वर आणखी ४००’ हे पडद्यावर छान दिसणारे वाक्य खऱ्या टेबलावर चालत नाही. ‘मान्य’ म्हटले तिथेच कॉल झाला. पुढच्या चारशेला स्ट्रिंग बेट म्हणतात, आणि ते परत घ्यावे लागतात.

यादीत एक चूक आहे, ती दुरुस्त व्हायला हवी. समोरच्याने आपल्याजवळच्या चिप्सपेक्षा जास्त लावले तर डाव सोडावा लागतो, असे त्यात म्हटले आहे. तसे होत नाही. ‘टेबल स्टेक्स’ या नियमाने डाव सुरू होताना जेवढे समोर आहे तेवढ्यावरच खेळायचे असते. समजा, दोघांनी प्रत्येकी १००० लावले आणि तिसरीकडे ३००च आहेत. ती ३०० वर ऑल-इन जाते. तिघांचे तीनतीनशे मिळून ९०० चा मुख्य पॉट, म्हणजे जिंकणाऱ्याला मिळणारी रक्कम, होतो आणि उरलेले १४०० त्या दोघांच्या साइड पॉटमध्ये जातात. तिची पाने सर्वांत भारी निघाली तर ९०० तिचे. हे ठाऊक नसल्याने चांगली पाने टाकून देणारे मी पाहिले आहेत.

‘सेट’ आणि ‘ट्रिप्स’ यांचा अर्थ आपण एकच दिला आहे. दोन्हींत एकसारखी तीन पाने असतात हे खरे. पण हातात अठ्ठ्यांची जोडी आणि टेबलावर एक अठ्ठी असेल तर तो सेट. हातात एक आणि टेबलावर दोन असतील तर ट्रिप्स. ट्रिप्समधली जोडी सगळ्यांना दिसत असते, सेटचा कुणाला वासही लागत नाही. म्हणून दोन नावे.

‘आउट्स’ला यादीत अर्धी ओळ मिळाली आहे. मी शिकवते तेव्हा अख्खी संध्याकाळ यावरच घालवते. फ्लॉपनंतर, म्हणजे टेबलावर तीन पाने उघडल्यावर, तुमच्याकडे बदामाची चार पाने जमली असतील तर गड्डीतल्या तेरांपैकी नऊ बदाम अजून दिसायचे आहेत. ते नऊ तुमचे आउट्स. पुढच्या दोन पानांत एखादा बदाम यायची शक्यता सुमारे ३५ टक्के, आणि एकच पान उरले असेल तर २० टक्क्यांच्या जवळपास. तोंडी हिशेबासाठी दोन पाने बाकी असताना आउट्सना चारने गुणायचे, एक बाकी असताना दोनने. आता टर्न झाला आहे, समोरच्याने लावल्यावर पॉट ३०० आहे आणि तुम्हाला १०० भरायचे आहेत. एकूण ४०० साठी १००, म्हणजे २५ टक्के संधी हवी. तुमच्याकडे २० आहे. मग पाने टाकून द्यावीत. ‘पॉट ऑड्स’ म्हणतात ते एवढेच.

‘बॅड बीट’बद्दल, म्हणजे पाने भारी असूनही नशिबाने हरण्याबद्दल, मात्र लेखकाने मनापासून लिहिले आहे आणि ते मला आवडले. त्यात एक आकडा जोडावासा वाटतो. हातात एक्क्यांची जोडी २२१ डावांत सरासरी एकदाच येते, आणि तीही तिच्याहून लहान जोडीकडून साधारण पाचांत एकदा हरते. हे आधी माहीत असले की हरल्यावर डोके फिरत नाही. डोके फिरणे म्हणजेच ‘टिल्ट’. हा शब्द पिनबॉलच्या यंत्रावरून आला. यंत्र जोराने हलवले की तो शब्द झळकतो आणि खेळ बंद पडतो.

दश्शी-दुर्रीला अमेरिकी पोकरपटू डॉयल ब्रन्सनचे नाव का पडले, हा मजकूर वाचून मला फार छान वाटले. १९७६ आणि १९७७, दोन्ही वर्षी ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ या स्पर्धेचा शेवटचा डाव त्यांनी याच पानांवर जिंकला. असे किस्से हवेतच. पण ‘फिश’ आणि ‘डाँकी’ हे हिणवणारे शब्द नवख्यांनी वापरावेत म्हणून का छापले? हे शब्द नवख्यांनाच उद्देशून वापरले जातात. माझ्यासोबत शिकायला आलेली एक मुलगी दुसऱ्याच दिवशी ‘फिश’ हे ऐकून उठून गेली आणि परत आली नाही.

आणि ‘रेक’ यादीत नाहीच! पैसे लावून जिथे खेळतात तिथे खेळवणारा जवळपास प्रत्येक मोठ्या पॉटमधून आपला वाटा काढतो, तो रेक. टेबलावरचे नऊ जण रात्रभर खेळून उठले की सगळ्यांचे मिळून पैसे बसतानापेक्षा कमी भरतात, ते यामुळे. स्पर्धेत हाच वाटा प्रवेशशुल्काबरोबर आधीच घेतात. कुणी पैसे घेऊन खेळायला बोलावले, तर पहिला प्रश्न रेक किती, हा विचारायचा असतो.

नव्या मंडळींना मी देते ती एका पानाची यादी सोबत जोडली आहे. सहा शब्द वर जाड ठशात आहेत, त्यांच्या खाली रेक आणि टेबल स्टेक्स. पुढच्या रविवारी दुरुस्तीबरोबर ती छापता आली तर पाहावे. माझे नाव घालण्याची गरज नाही.

आपली,
एक नियमित वाचक