आमच्या इमारतीचे कडी-कोयंडे तपासणाऱ्या निवृत्त फौजदार साहेबांना जाहीर आभाराचे पत्र

आदरणीय साहेब,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र सोसायटीच्या सूचनाफलकापुरते न ठेवता सर्वांना वाचता यावे, म्हणून जाहीरपणे लिहीत आहे. आपले नाव छापू नये असे आपण बजावले असल्याने ते गाळले आहे. कोथरूडच्या आमच्या भागात ते सांगण्याची गरजही पडणार नाही.

शेजारच्या इमारतीत भरदिवसा घरफोडी झाली, तेव्हा आमच्या सभेत सगळी चर्चा कॅमेऱ्यांच्या दरपत्रकांवर चालली होती. आपण ती शांतपणे ऐकून घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून वही घेऊन प्रत्येक दारापाशी उभे राहिलात. बोहरी आळीतून आणलेले भारी कुलूप ज्या कोयंड्यात अडकवायचे, तो कोयंडा अर्ध्या इंचाच्या स्क्रूंवर जुन्या लाकडात बसवलेला असेल, तर चोर कुलपाला हातही लावत नाही, कटावणीने कोयंडाच उचकटतो, हे आपण एकेका घरी दाखवून दिलेत. आपल्या सांगण्यावरून बहुतेकांनी कोयंड्यांना आरपार बोल्ट घालून आतून नट आवळून घेतले, आणि ज्यांना परवडले त्यांनी दाराच्या आतच बसणारे कुलूप लावले, कारण बाहेर लोंबणारे कुलूप घर रिकामे असल्याची जाहिरातच करते.

त्याहून मोलाची सूचना मात्र बिनखर्चाची होती. चोर बंद घर फोडण्याआधी समोरच्या आणि शेजारच्या दारांना बाहेरून कड्या घालतात, म्हणजे आवाज झाला तरी कोणी बाहेर येऊ शकत नाही. म्हणून राहत्या घरांच्या बाहेरच्या कड्या काढूनच टाका, असे आपण सांगितलेत. गेल्या मे महिन्यात दुसऱ्या मजल्यावरचे कुटुंब कोकणात गेले असताना पहाटे त्यांच्या दाराशी खडखडाट झाला आणि समोरचे काका-काकू दार उघडून बाहेर येऊ शकले, ते केवळ या सूचनेमुळे. कोयंडा वाकला होता, पण निघाला नव्हता, आणि चोर जिन्याने पळून गेले.

त्या पहाटे आपण केलेली मदतही विसरता येणार नाही. ११२ वर फोन लावायला सांगून आपण दाराला कोणालाही हात लावू दिला नाहीत, कारण ठसेतज्ज्ञ येण्याआधी दहा जणांनी चौकट चाचपली की त्यांच्या हाती काहीच लागत नाही. काही चोरीला गेले नाही, मग फिर्याद कशाला, असा सूर निघाल्यावर आपण समजावलेत की भारतीय न्याय संहितेत राहत्या घरातील चोरीसाठी कलम ३०५ आहे, तर घरफोडीसाठी ३३१ हे वेगळे कलम आहे, आणि फसलेला प्रयत्नही गुन्हाच ठरतो; त्याची नोंद झाली, तरच त्या भागात गस्त वाढवावी असे पोलिसांना वाटेल.

आणखी एका गोष्टीसाठी मी व्यक्तिशः ऋणी आहे. अशा प्रसंगी पहिला संशय घरकामाला येणाऱ्या बायकांवर घेतला जातो. आपण सभेतच तो विषय थांबवलात आणि म्हणालात की दुपारी इमारतीत कोण अनोळखी माणूस फिरतो हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते, तेव्हा त्यांनाही सुरक्षारक्षकाचा नंबर देऊन ठेवा. आता तो त्यांच्याकडे आहे, आणि कुरिअरच्या नावाखाली मजल्यामजल्यावर घंटा वाजवत फिरणाऱ्या एकाला त्यांच्यापैकीच एकीने हटकले. कॅमेऱ्यांविषयीचे आपले मत मला अजूनही थोडे कठोर वाटते. प्रवेशद्वारावर एक असावा, या मतावर मी ठाम आहे.

गावाला जाताना शेजाऱ्यांना सांगणे, दूध आणि वर्तमानपत्र बंद करणे, प्रवासाची छायाचित्रे परतल्यावरच स्टेटसला टाकणे, दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवून त्यांच्या पावत्या व छायाचित्रे वेगळी जपणे, हे सारे आता आमच्याकडे सवयीचे झाले आहे.

व्यवस्थापक समितीने देऊ केलेले मानधन आपण परत केलेत. त्या रकमेतून जिन्यातले बंद पडलेले दिवे बदलून घेण्याचा ठराव मंजूर झाला असून काम या आठवड्यात पूर्ण होईल. मागच्या गल्लीतील दोन सोसायट्यांनी आपला फोन नंबर मागितला आहे. आपली परवानगी मिळाल्यावरच तो देऊ.

आपली नम्र,
सचिव, व्यवस्थापक समिती